आबांचे पुष्पक

वाचकहो, सत्तरी ओलांडलेली व्यक्ती माझ्या दवाखान्यात प्रथमच येते, तेव्हा रक्तदाब, साखर, झोप आणि शौच या नेहमीच्या चौकशीबरोबर मी आणखी एक प्रश्न विचारतो : "पंचविशीत आपण काय करत होता?" सोबत आलेल्या मुलासुनांना हा प्रश्न अवांतर वाटतो, हे मला ठाऊक आहे. एकदोघांनी तर उत्तर संपण्यापूर्वीच घड्याळाकडे पाहिलेले आहे. परंतु या एका प्रश्नाने मला जेवढी माहिती आजवर दिली, तेवढी पुष्कळशा महागड्या तपासण्यांनी दिलेली नाही. कोणी मोतीबाग तालमीत जोर काढत होते, कोणी शाहूपुरीत गुळाच्या अडत्याकडे हिशेब लिहीत होते, एक आजी जयप्रभा स्टुडिओत समूहनृत्याच्या मागच्या रांगेत उभ्या राहत होत्या. आणि दोन वर्षांपूर्वी एक ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ म्हणाले, "मी पुष्पक उडवत होतो."

त्यांचा मुलगा ओशाळून हसला. 'बघा, हे असे चालले आहे,' असे त्याने नजरेनेच मला सुचवले. पुष्पक म्हणजे रामायणातले विमान, एवढेच त्याला माहीत असावे. त्यांना आपण येथे आबा म्हणू. घरातले सगळे त्यांना तेच म्हणतात. आबा भ्रमिष्टासारखे बोलत नव्हते. पुष्पक नावाचे एक खरेखुरे विमान होते, आणि माझ्या पिढीतल्या ज्यांना आकाशाचे थोडेफार वेड होते, त्यांना ते नाव ऐकताच अजूनही बरे वाटते.

बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्यात तयार झालेले हे दोन आसनांचे छोटे विमान १९५८ साली प्रथम उडाले. त्या कारखान्याच्या आरेखन विभागाची धुरा डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. जर्मनीत गटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या माणसाने आधी एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान सिद्ध केले होते. पुष्पकाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर चक्क कापड ताणून बसवलेले. त्या कापडाला विशिष्ट लुकणाचे थर देत, म्हणजे ते ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होई. पंख डोक्यावर, आसने शेजारी-शेजारी, शेपटीखाली लहानसे चाक आणि नाकावर नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. वेग ताशी दीडशे किलोमीटरही नाही. आज पुणे-बंगळुरू महामार्गावर एखादी मोटार त्याच्या बरोबरीने धावेल. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांना ही विमाने देण्यात आली आणि साठ-सत्तरच्या दशकांतले कितीतरी वैमानिक त्यांवरच शिकले.

आबा तेव्हा मुंबईत एका कारखान्यात नोकरीला होते. पगारातला मोठा वाटा जुहूच्या क्लबात जाई. सत्तेचाळीस तास उड्डाण झाले आणि वडील गेले. उद्यमनगरातली फाउंड्री सांभाळण्यासाठी आबा कोल्हापूरला परतले ते कायमचे. पुढची पन्नास वर्षे त्यांनी बिडाचे ओतकाम केले, ऑइल इंजिनांचे भाग ओतले, तीन मुले शिकवली. विमान क्लबाचे होते. आबांच्या नावावर त्यातला एक खिळाही नव्हता. तरीही बोलताना ते 'माझे पुष्पक' असेच म्हणतात, आणि त्यांच्या लोखंडी कपाटात, घराच्या खरेदीखताशेजारी, निळ्या पुठ्ठ्याची एक लॉगबुक जपून ठेवलेली आहे.

त्या दिवशी मी त्यांच्याशी जरा जास्तच वेळ बोलत बसलो याला एक खाजगी कारण आहे. पुण्यात वैद्यकीचे शिक्षण घेत असताना मी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर जात असे. इंजिन नसलेले लाकडी बांध्याचे ते ग्लायडर पोलादी दोरीला बांधत, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेले यंत्र ती दोरी वेगाने गुंडाळी, आणि पतंग चढावा तसे आम्ही तीनेकशे मीटर वर चढत असू. वर गेल्यावर दोरी सोडायची. त्यानंतर जी शांतता होते तिचे वर्णन मला आजही नीट करता येत नाही. फक्त वाऱ्याची शीळ उरते. बहुतेक वेळा पाच-सहा मिनिटांत पुन्हा जमीन. पण मार्च-एप्रिलच्या दुपारी एखाद्या तापलेल्या माळावरून ऊन हवेचा स्तंभ वर उठत असेल, आणि तो कोठे आहे हे आधीच तेथे घिरट्या घालणाऱ्या घारीने दाखवले असेल, तर तिच्याबरोबर गोल फिरत अर्धा तास वर राहता येई. समोरच्या काचेवर लोकरीचा एक तुकडा चिकटवलेला असे. तो सरळ मागे उडत असेल तर ग्लायडर सरळ चालले आहे, तिरका झाला तर आपण घसरतो आहोत. सगळ्या यंत्रांत तो धागा मला सर्वांत विश्वासू वाटे. पुढे इंटर्नशिप लागली आणि ते सारे सुटले. तेव्हा आबांनी "तुम्हीही उडवलंय की काय, डॉक्टर?" असे विचारले, तेव्हा बाहेर नऊ रुग्ण बसले होते हे मी विसरलो नव्हतो, इतकेच सांगतो.

आबा आले होते ते मात्र गप्पांसाठी नव्हे. त्यांच्या हातात एक छापील कागद होता. मोटार चालवण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करायचे होते, आणि चाळिशी उलटलेल्या अर्जदाराला त्यासाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे लागते. फॉर्म वन-ए म्हणतात तो. पंचवीस मीटरांवरून मोटारीची पाटी वाचता येते का, लाल-हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, कान कसे आहेत, असे प्रश्न त्यात असतात आणि खाली डॉक्टरची सही. पंचावन्न वर्षांपुढील व्यक्तीला परवाना पाचच वर्षांचा मिळतो, म्हणजे ज्येष्ठांना या कागदासाठी पुनःपुन्हा आमच्या दारी यावे लागते. तुमच्यापैकी अनेकांना हा अनुभव असेल, आणि खरे सांगायचे तर अनेक ठिकाणी ही सही न तपासता मिळते हेही ठाऊक असेल.

आबांची प्रीमियर पद्मिनी त्यांच्या जिवाचा तुकडा होती. बाहेरच्या खोलीत मुलाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, की महिन्याभरापूर्वी रंकाळ्याजवळ ती एका भाजीच्या हातगाडीला घासली होती, आणि त्याआधी एकदा आबा घरी परतण्याचा रस्ता चुकून फुलेवाडीपर्यंत गेले होते. "तुम्ही सही करू नका, डॉक्टर. आम्ही सांगितलं तर घरात महाभारत होतं."

मी आबांची नजर पाहिली, ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चांगली होती. लाल-हिरवाही बरोबर. मग एक कोरा कागद देऊन म्हणालो, "आबा, यावर एक घड्याळ काढा. सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा." विस्मरणाची शंका असते तेव्हा आम्ही करतो ती ही साधी चाचणी. घड्याळ काढण्यासाठी आकडे आठवावे लागतात, ते अंतर राखून मांडावे लागतात, आणि 'दहा मिनिटे' म्हणजे काटा दोनवर, हा विचार करावा लागतो. मेंदूची तीन-चार खाती एकाच वेळी कामाला लागतात.

आबांनी सुरेख वर्तुळ काढले. आकडे घातले ते शून्य ते नऊ. दहाच. काटे तीन. मुलाने मान खाली घातली. मी मात्र त्या कागदाकडे पाहत राहिलो, कारण ते चित्र मला ओळखीचे वाटत होते. विमानात उंची दाखवणाऱ्या यंत्राची, अल्टिमीटरची तबकडी अगदी तशीच असते : शून्य ते नऊ, आणि त्यावर काटे. आबांच्या हाताला 'गोल तबकडी' म्हटल्यावर साठ वर्षांपूर्वीची तबकडी आठवली होती.

वाचकहो, येथे एक मोह होतो. आपला माणूस एवढे बारकाईने काही आठवतो आहे, म्हणजे त्याचे सारे ठीक आहे, असे मानण्याचा तो मोह. अल्टिमीटर म्हणून ते चित्र बरोबर होते. परंतु मी घड्याळ मागितले होते.

विस्मरणाला लगेच डिमेन्शियाचे नाव देऊ नये. बी-१२ जीवनसत्त्वाची किंवा थायरॉइडची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, रक्तातले सोडियम घटणे, इतकेच काय, नीट ऐकू न येणे यांमुळेही माणूस विसराळू दिसतो, आणि यांपैकी बहुतेकांवर उपाय आहेत. आबांच्या त्या सर्व तपासण्या झाल्या, मेंदूविकारतज्ज्ञांनी पाहिले, आणि निदान झाले ते अल्झायमरच्या प्रारंभीच्या अवस्थेचे. कागद तेवढे दिवस माझ्या टेबलाच्या खणात बिनसहीचा पडून होता. तो परत देण्याची वेळ आली.

अशा प्रसंगी घरातल्यांनी किल्ली लपवणे, बॅटरीची तार काढून ठेवणे, 'गाडी गॅरेजमध्ये आहे' असे सांगत राहणे, हे सर्व प्रकार मी पाहिले आहेत. कधीकधी त्यावाचून गत्यंतरही नसते. पण आजार प्रारंभीच्या अवस्थेत असताना माणसाला पुष्कळ समजत असते, आणि आपल्याला फसवले जात आहे हे तर सर्वांत आधी समजते. त्यातून जो संशय उत्पन्न होतो तो पुढे औषध देतानाही आडवा येतो, आंघोळ घालतानाही आडवा येतो. म्हणून मी आबांशीच बोलायचे ठरवले, आणि बोलण्याला सुरुवात केली ती जे. आर. डी. टाटांपासून.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पुस मॉथ या छोट्या विमानातून अहमदाबादमार्गे मुंबई गाठली आणि जुहूच्या मैदानावर ते उतरले. भारतातील नागरी विमानवाहतुकीचा तो आरंभ मानला जातो. देशात वैमानिकाचा पहिल्या क्रमांकाचा परवाना १९२९ साली त्यांनाच मिळाला होता. हे बहुतेकांना माहीत असते. पुढची गोष्ट मात्र आपल्या ज्येष्ठ वाचकांच्या विशेष उपयोगाची आहे. १९८२ साली, त्या उड्डाणाला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा, जेआरडींनी तीच वाट पुन्हा एकट्याने पार केली. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. विमान होते लेपर्ड मॉथ. प्लायवूड आणि कापडाचे, एकाच इंजिनाचे, तिशीच्या दशकातल्या बांधणीचे, म्हणजे तेही उतारवयातलेच. कराचीहून निघून ते पुन्हा जुहूलाच उतरले.

आबांना ही कथा माझ्यापेक्षा जास्त तपशिलाने ठाऊक होती. ते ताठ होऊन बसले. त्यांच्या डोळ्यांत 'मग मी का नाही?' हा प्रश्न स्पष्ट दिसत होता, आणि त्याचे उत्तर टाळून चालण्यासारखे नव्हते.

मी म्हणालो, "आबा, ते अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी उडाले, कारण विमान तपासलेलं होतं आणि वैमानिकही. आपल्या लॉगबुकातल्या प्रत्येक उड्डाणाआधी आपण विमानाभोवती फेरी मारून ते तपासत होता ना?"

"मारायचोच की. कापड फाटलंय का, पेट्रोलात पाणी आहे का, चाकं, दोऱ्या..."

"आणि एखाद्या दिवशी दोष सापडला तर?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग इंग्रजीतला तो एकच शब्द त्यांनी उच्चारला, "ग्राउंडेड." कागद माझ्या हातून घेतला, घडी घातली, खिशात ठेवला. "विमान ग्राउंड केलं तर पायलटनं भांडायचं नसतं, डॉक्टर. मेकॅनिकचा शब्द शेवटचा." आणि मुलाकडे वळून म्हणाले, "पण विकायची नाही ती. पुसायची मी."

वैमानिकांच्या जगातली ही शिस्त मला नेहमीच आपल्या वैद्यकापेक्षा पुढारलेली वाटत आली आहे. तेथे यंत्राचे वय केवळ वर्षांत मोजत नाहीत. किती तास चालले ते पाहतात, ठरावीक तासांनी इंजिन उघडतात, कापड बदलतात, आणि मगच ते उडण्यास योग्य असल्याचा दाखला देतात. म्हातारे असणे हा दोष मानला जात नाही आणि तरुण असणे हा पुरावा मानला जात नाही. आपल्या कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा ती पाहायला माणसे ताटकळत उभी राहतात. ती आजही चालते, कारण तिच्यामागे वर्षभर कोणाचे तरी हात राबत असतात. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र आपण एक तर 'आता वय झाले' म्हणून सगळेच बंद करतो, किंवा 'त्यांना काय सांगायचे' म्हणून काहीच तपासत नाही. डोळे, कान, तोल, पावलांची संवेदना आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, एवढे तरी वर्षातून एकदा कोणीतरी नीट पाहावे.

कानांचेच घ्या. आबांची तक्रार अशी, की सूनबाई पुटपुटतात. सूनबाईंची तक्रार अशी, की आबांना हवे तेवढेच ऐकू येते. उतारवयात, आणि मोठ्या आवाजात वर्षे काढलेल्यांमध्ये विशेषतः, उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. स, श, त, फ यांसारखी व्यंजने त्या पट्टीत असतात. स्वर मात्र खालच्या पट्टीत शाबूत राहतात. म्हणून आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाही. ओरडल्याने स्वरच मोठे होतात. समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, सावकाश बोलावे. आबांचा जन्म फाउंड्रीत गेला, त्याआधी इंजिनामागे अडीच हातांवर बसून उडण्यात काही तास. कानयंत्र बसवल्यावर त्यांच्या 'विसरण्या'तला थोडा भाग नाहीसा झाला, कारण तो कधी ऐकूच आलेला नव्हता.

तोलाची गोष्ट याहून महत्त्वाची. रात्री उठून मोरीकडे जाताना आबा दोनदा धडपडले. आपला तोल तीन गोष्टी मिळून सांभाळतात : डोळे, आतला कान, आणि पावले व सांधे यांतून येणारी जाणीव. वैमानिक ढगात शिरला की डोळ्यांचा आधार जातो. मग आतला कान त्याला खुशाल खोटे सांगू लागतो. विमान हळूहळू कलंडत असताना तो 'सरळ आहे' असा निर्वाळा देतो. अशा वेळी शरीराचे न ऐकता यंत्रांकडे पाहा, हा धडा प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला घोटून दिला जातो. मधुमेहाने पावले बधिर झालेल्या, आतला कान थकलेल्या माणसाचे अंधारात तेच होते. त्याच्याजवळ तीनांपैकी एक डोळेच धड उरलेले असतात आणि आपण दिवा मालवून तेही काढून घेतो. सूनबाईंनी पलंगापासून मोरीपर्यंत मंद दिवे लावले, पायपुसणी उचलली, भिंतीला दांडा बसवला. आबांना दिवा लावून झोपणे पसंत नव्हते. मी त्यांना म्हणालो, "ढगात शिरल्यावर पॅनेलचा दिवा कोणी मालवतं का?" त्यानंतर तो दिवा कोणी मालवलेला नाही.

आता लॉगबुकेकडे येतो. अल्झायमरमध्ये प्रथम घाव बसतो तो मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागावर, जेथे नव्या घटनांची नोंद होते. म्हणून सकाळचे पोहे आठवत नाहीत. पण दहा ते तीस या वयातल्या आठवणी, ज्या काळात माणूस सर्व काही पहिल्यांदाच करत असतो, सर्वांत खोल रुजलेल्या असतात. आणि हातापायांनी शिकलेली कौशल्ये मेंदूच्या वेगळ्याच भागांत साठवलेली असतात, तेथे आजार उशिरा पोचतो. आबा एकट्याने केलेले पहिले उड्डाण सांगतात तेव्हा त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या पायांकडे पाहावे. शिक्षक उतरून गेले, विमान हलके झाले आणि नेहमीपेक्षा किती झरकन वर चढले, हे सांगताना तोंडाने शब्द अडखळतात. पण पलंगाखाली लोंबणारे दोन्ही पाय आळीपाळीने अदृश्य पेडल दाबत असतात, उतरताना तर अगदी बारीक बारीक. शेपटीखाली चाक असलेले विमान जमिनीला टेकल्यावर पायांनीच सरळ ठेवावे लागते.

म्हातारपणी जुन्या गोष्टी उगाळणे हे पूर्वी बुद्धी ढासळल्याचे लक्षण मानत. १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने उलट मत मांडले, की मागे वळून आयुष्य पाहणे हे त्या वयाचे स्वाभाविक कामच आहे. त्यातूनच पुढे आठवणींच्या साहाय्याने उपचार करण्याची पद्धत रुजली. तिचा फायदा माफक आहे, हे मी स्पष्ट सांगतो. आजार थांबत नाही. मनःस्थिती सुधारते, बोलणे थोडे वाढते, आणि काळजी घेणाऱ्याला समोर रुग्णाऐवजी माणूस दिसू लागतो. शेवटचा फायदा कोणत्या चाचणीत मोजता येईल हे मला सांगता येणार नाही.

हे करताना 'आठवतंय का?' हा प्रश्न शक्यतो टाळावा. ती परीक्षा होते आणि नापास होण्याची लाज वाटते. त्यापेक्षा हातात वस्तू द्यावी : जुना फोटो, पट्टी, सुई-दोरा, अडकित्ता, ज्याचे जे असेल ते. चुकीचा तपशील दुरुस्त करत बसू नये. उड्डाण मंगळवारी झाले की बुधवारी, याने कोणाचे काही बिघडत नाही. आणि प्रत्येक आठवण गोडच असते असे नाही. आबांच्या लॉगबुकेत एका पानावर एका मित्राचे नाव आहे. ते पान उघडले की ते रडतात, आणि कशासाठी हे त्यांना आता सांगता येत नाही. सूनबाई त्या वेळी पान उलटत नाहीत. काही वेळ शेजारी बसतात, मग चहा ठेवतात. मी त्यांना असे काही शिकवले नव्हते.

नातू चौदा वर्षांचा आहे. इंजिन सुरू करण्याची पद्धत त्याने आबांकडून वदवून घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावली. पुष्पकाचा पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करत. खाली उभा असलेला माणूस 'स्विच ऑफ' म्हणे, आतून तेच शब्द परत येत. मग 'थ्रॉटल क्लोज्ड'. आणि सर्व जुळले की 'कॉन्टॅक्ट'. दोघांनी एकमेकांचे शब्द मोठ्याने परत उच्चारायचे, म्हणजे कोणाचा हात तुटत नाही. हल्ली सकाळची औषधे याच रीतीने दिली जातात. नातू म्हणतो, "रक्तदाबाची, पांढरी." आबा म्हणतात, "रक्तदाबाची, पांढरी," आणि गिळतात. 'औषध घेतले की नाही' हा रोजचा वाद त्या घरातून गेला. रविवारी मुलगा त्यांना पद्मिनीत शेजारी बसवून उजळाईवाडीकडे नेतो. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तयार झालेल्या त्या धावपट्टीवर आज हैदराबादकडची विमाने उतरतात. कुंपणाबाहेर गाडी उभी करून दोघे उतरणारे विमान पाहतात. वाऱ्याची दिशा अजून आबाच सांगतात आणि ती बहुधा बरोबर असते.

सूनबाईंनी आणखी एक गोष्ट सुरू केली आहे. त्यांनी एक लांबट वही आणली आणि आबांच्या लॉगबुकेतल्यासारखेच रकाने आखले : तारीख, कोठून कोठे, वेळ, शेरा. आबा घरात किती चालले, रात्री किती वेळा उठले, काय खाल्ले, केव्हा चिडले, सगळे त्यात येते. मला महिन्यातून एकदा ती वही पाहायला मिळते, आणि प्रामाणिकपणे सांगतो, एवढी उपयुक्त टिपणे रुग्णालयांच्या फायलींतही क्वचित सापडतात. मागच्या महिन्यात रात्रीच्या नोंदी वाढलेल्या दिसल्या म्हणून लघवी तपासली, तर जंतुसंसर्ग निघाला. घरच्यांनी तो आजार वाढल्याचा परिणाम मानला असता. प्रत्येक दिवसाच्या खाली आबा सही करतात. सही आता पूर्वीसारखी येत नाही, पण रकाना चुकत नाही.

काल पाहिलेल्या पानावर होते : 'अंगण ते गच्ची व परत. बावीस मिनिटे. जिन्यावर एकदा थांबले. वारा पश्चिमेचा.' प्रशिक्षकाच्या रकान्यात आबांनी स्वतःच्या हाताने सूनबाईंचे नाव लिहिले होते.